प्रत्येक घासाला पाण्याचा घोट

घरातली सगळी माणसं जेवून उठतात, ताटं मोरीत जातात, आणि एक लेकरू अजून पाटावर बसलेलंच असतं. वरणात भाकरी इतकी बारीक कुस्करलेली असते की तिचा काला झालेला असतो. प्रत्येक घासामागे पाण्याचा घोट. पोळीचा घास गालात धरून ठेवलेला, मटणाचा तुकडा चघळून चघळून ताटाच्या कडेला काढलेला. आजी म्हणते, "लाडावलंय." आई म्हणते, "याला भूकच लागत नाही." मधूनच घास अडकतो, डोळ्यांत पाणी येतं, कुणीतरी पाठीवर थाप मारतं, घास खाली जातो आणि विषय तिथंच संपतो.

परभणीत, सेलूत, जिंतुरात, गंगाखेडात असं लेकरू कुणी पाहिलं नसेल असं नाही. जंत झाले असतील, पित्त असेल, हट्टी असेल, असे आपले तर्क असतात आणि बहुतेक वेळा त्यातलाच एखादा खरा निघतो. पण काही लेकरं हळू जेवतात ती खरोखरच घास उतरत नाही म्हणून. त्यांच्या अन्ननलिकेला आतून सूज असते, आणि ती सूज त्यांच्याच ताटातल्या एखाद्या पदार्थाने आणलेली असते. या आजाराचं नाव इओसिनोफिलिक इसोफेजायटिस. नाव अवघड आहे. आपण त्याला अन्ननलिकेचा ॲलर्जिक दाह म्हणू. त्यावरचा एक प्रमुख उपचार म्हणजे पथ्य. मात्र हे पथ्य आपल्या नेहमीच्या पथ्यासारखं नाही, आणि तो फरक नीट कळला तरच ते कामाला येतं.

घास खाली जातो कसा?

अन्ननलिका म्हणजे सरळ खाली सोडलेला पाइप आणि घास आपल्या वजनाने त्यातून पडतो, असं आपण धरून चालतो. तसं असतं तर आडवं पडून पाणीसुद्धा पिता आलं नसतं. पायजम्यात नाडी ओवताना आपण पिन पुढे ढकलतो, मागचं कापड आवळतो, पुन्हा पुढे ढकलतो. अन्ननलिकेचे स्नायू घासाला असंच ओवत नेतात: घासाच्या मागची नळी आवळते, पुढची सैल होते. मोठ्या माणसाची ही नळी साधारण २५ सेंटीमीटर लांब असते, तान्ह्या बाळाची जेमतेम १० सेंटीमीटर. घासाला पोटात पोचायला दहाएक सेकंद पुरतात.

आता त्याच नाडीच्या पट्टीतलं कापड आतून फुगलं, ताठर झालं, तर? पिन अडेल. पातळ दोरा जाईल, जाड नाडी जाणार नाही. म्हणून हे लेकरू पातळ वरण सहज पितं आणि कोरडी पोळी टाळतं. त्याला कुणी शिकवलेलं नसतं. शरीराने स्वतःच तोडगा काढलेला असतो. बारीक कुस्करणं, खूप चावणं, पाणी पिणं, पाव आणि मटण नाकारणं, सगळ्यांच्या शेवटी उठणं. हे तोडगे इतके बेमालूम असतात की आईवडिलांना वर्षानुवर्षं ती सवयच वाटते.

वयाप्रमाणे लक्षणं बदलतात. तान्हं बाळ दूध ओकतं, अंगावर किंवा बाटलीला तोंड लावत नाही, वजन धरत नाही. शाळेच्या वयात पोट दुखतं, मळमळतं. बारा-चौदाच्या पुढे घास अडकायला लागतो. मुलींपेक्षा मुलग्यांमध्ये हा आजार सुमारे तिप्पट दिसतो, आणि यातल्या बऱ्याच मुलांना दमा, सततची सर्दी-शिंका किंवा अंगावरचा इसब यांपैकी काहीतरी असतंच.

भिंतीला लागलेली ओल

ॲलर्जी म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे एक चित्र येतं. कुणीतरी शेंगदाणा खाल्ला आणि दहा मिनिटांत अंगावर गांधी उठल्या, ओठ सुजले, धाप लागली. ही ॲलर्जी विजेच्या धक्क्यासारखी असते. बोट लागलं की लगेच कळतं, आणि कुठे लागलं तेही कळतं.

अन्ननलिकेचा दाह घराच्या भिंतीला लागणाऱ्या ओलीसारखा असतो. गच्चीवर पाणी साचतं आषाढात, आणि खोलीतल्या भिंतीचा पापुद्रा सुटतो भाद्रपदात. पाणी नेमकं कुठून आलं हे भिंतीकडे पाहून सांगता येत नाही. लेकरू रोज दूध पितं, दूध पिताना त्याला काहीही होत नाही, आणि दिवसांमागून दिवस आत सूज साठत जाते.

आत घडतं ते असं. अन्ननलिकेच्या आतल्या अस्तराच्या पेशी विटांसारख्या एकमेकींना घट्ट चिकटून असतात. ही चिकटण सैल झाली की अन्नातल्या प्रथिनांचे कण त्यांच्या फटींत शिरतात. शरीराची संरक्षण यंत्रणा त्या कणांना शत्रू समजते आणि इंटरल्युकिन-१३ नावाचं रसायन सोडते. ते मिळताच अस्तराच्या पेशी इओटॅक्सिन-३ हे दुसरं रसायन सोडतात, आणि त्याच्या मागावर रक्तातल्या इओसिनोफिल नावाच्या पांढऱ्या पेशी तिथे गोळा होतात. या पेशींचं मूळ काम जंतांशी लढण्याचं. इथे जंत नाहीत, दुधाचे किंवा गव्हाचे कण आहेत. पण या पेशी आपल्याजवळची दाहक रसायनं तिथेच रिकामी करतात. विटांच्या फटी आणखी रुंदावतात, आणखी कण आत शिरतात, आणखी इओसिनोफिल येतात. चक्र आपोआप फिरत राहतं.

वर्षानुवर्षं असंच चाललं तर सुजेच्या जागी वणासारखा ताठरपणा येतो आणि नळी अरुंद होते. स्वित्झर्लंडमधल्या २०० रुग्णांचा अभ्यास २०१३ साली प्रसिद्ध झाला. त्रास सुरू झाल्यापासून दोन वर्षांच्या आत निदान झालेल्यांत अरुंद नळीचं प्रमाण सुमारे १७ टक्के होतं. वीस वर्षांहून जास्त उशीर झालेल्यांत ते सुमारे ७१ टक्क्यांवर गेलं होतं. लेकराच्या हळू जेवण्याकडे लक्ष द्या असं मी इतक्या आग्रहाने म्हणतो, ते याच आकड्यांमुळे.

रक्ताच्या तपासणीत का सापडत नाही?

लॅबवाल्यांकडे ॲलर्जीच्या तपासण्यांची पॅकेजं मिळतात. एका सुईत शंभर पदार्थांची यादी, कुठे लाल खूण, कुठे हिरवी. हजारो रुपये खर्च करून आणलेला असा कागद पाहून पालक वांगं बंद करतात, केळ बंद करतात, तूर बंद करतात.

या आजारात तो कागद जवळजवळ निरुपयोगी आहे. रक्तातली ही तपासणी आणि कातडीवर टोचून केलेली तपासणी, दोन्ही मोजतात ते आयजीई नावाचं प्रतिपिंड, म्हणजे विजेच्या धक्क्याची ॲलर्जी. ओल त्यांना दिसत नाही. तपासणीत दूध 'निर्दोष' निघतं आणि प्रत्यक्षात तेच दोषी असतं, असं या मुलांमध्ये पुष्कळदा होतं. उलटही होतं: कागदावर लाल असलेला पदार्थ लेकरू बिनघोर पचवत असतं आणि त्याच्या ताटातून तो विनाकारण जातो.

रक्तात इओसिनोफिल वाढलेले दिसले म्हणूनही हा आजार ठरत नाही. आपल्याकडे मातीत खेळणाऱ्या लेकरांत पुष्कळदा जंतांमुळेच ते वाढलेले असतात. जंताच्या गोळीने आकडा उतरतो. अंगणवाडीत आणि शाळेत ती गोळी मिळते, ती जरूर द्यावी.

निदान होतं ते एकाच मार्गाने. बारीक दुर्बीण घशातून खाली घालून अन्ननलिका आतून पाहायची आणि अस्तराचे तांदळाच्या कणीएवढे तुकडे काढायचे. वरून दिसायला नळी कधीकधी अगदी चांगली असते, तरीही तुकडे घ्यायचे, आणि तेही वेगवेगळ्या उंचीवरून किमान सहा. कारण ओल जशी भिंतीला सगळीकडे सारखी नसते तशीच ही सूजही ठिकठिकाणी असते. लहान मुलांना यासाठी भूल द्यावी लागते.

तुकड्यांवर इओसिन नावाचा गुलाबी रंग चढवतात. ग्रीकांची पहाटेची देवता ईऑस, आपल्या उषेची बहीण म्हणा. तिच्यावरून आलेलं हे नाव. पॉल एर्लिख या जर्मन शास्त्रज्ञाने १८७९ साली पाहिलं की रक्तातल्या काही पेशींचे कण हा रंग झटकन उचलतात. इओसिन उचलणाऱ्या म्हणून त्या इओसिनोफिल. जठरात, आतड्यात त्या थोड्याफार असतातच. निरोगी अन्ननलिकेत त्या नसतात. सूक्ष्मदर्शकाच्या मोठ्या भिंगाखाली एका नजरेत मावणाऱ्या जागेत १५ किंवा त्याहून जास्त दिसल्या आणि दुसरं कारण सापडलं नाही, की निदान पक्कं होतं.

दहा मुलं आणि एक बेचव दूध

सूज अन्नामुळे येते हे कळलं कसं, ती गोष्ट १९९५ सालची आहे. अमेरिकेतल्या बाल्टिमोरमध्ये केव्हिन केली, ह्यू सॅम्पसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांपुढे दहा मुलं होती. ॲसिडिटीची औषधं चालू होती, काहींचं ऑपरेशनही झालं होतं, उलट्या मात्र थांबत नव्हत्या. डॉक्टरांनी त्यांचं सगळं जेवण बंद केलं आणि त्याऐवजी अमिनो आम्लांचं दूध दिलं. प्रथिनं ही अमिनो आम्लांची माळ असते. माळ तोडून मणी सुटे केले की संरक्षण यंत्रणेला शत्रू ओळखताच येत नाही. किमान सहा आठवड्यांनी पाहिलं तर आठ मुलांचा त्रास पूर्ण थांबला होता, दोघांचा कमी झाला होता. आणि अन्नातली प्रथिनं परत दिली तेव्हा त्रासही परतला.

दोषी ताटातच आहे हे सिद्ध झालं. पण ते दूध चवीला इतकं वाईट की पुष्कळ मुलांना नाकातल्या नळीवाटे द्यावं लागतं, आणि महाग तर फारच. लेकराने महिनोन्महिने घास म्हणून चावायचाच नाही, हे कुठल्या आईला बघवेल?

शिकागोच्या बालरुग्णालयात अमीर कागलवाला यांच्या गटाने मधला रस्ता काढला. सगळं अन्न बंद करण्याऐवजी ॲलर्जीत नेहमी सापडणारे सहाच गट त्यांनी काढले: दूध, गहू, अंडी, सोयाबीन, शेंगदाणे-काजू-बदाम, आणि मासे-कोळंबी. २००६ साली निकाल आला. सहा गट टाळणाऱ्या ३५ मुलांपैकी ७४ टक्के मुलांची सूज उतरली. फक्त अमिनो आम्लांच्या दुधावर ठेवलेल्या २५ मुलांत हे प्रमाण ८८ टक्के होतं. फायदा थोडा कमी, पण लेकरू पंगतीत बसून जेवू शकत होतं. याच गटाने पुढे एकेक पदार्थ परत देऊन दोषी कोण ते तपासलं, तेव्हा दूध ७४ टक्के मुलांत दोषी निघालं, गहू २६ टक्क्यांत, अंडी १७, सोयाबीन १० आणि शेंगदाणे ६ टक्क्यांत.

हे आकडे पाहिल्यावर कुणालाही पडेल तो प्रश्न डॉक्टरांनाही पडला: मग सुरुवातीलाच सहा गट कशाला काढायचे? स्पेनमध्ये २०१८ साली १३० रुग्णांवर चढती पायरी करून पाहिली. आधी दोनच गट बंद केले, दूध आणि ग्लूटेन असलेली धान्यं. ४३ टक्क्यांची सूज उतरली. उरलेल्यांना चार, मग सहा. शेवटी एकूण ७९ टक्क्यांपर्यंत मजल गेली. अमेरिकेत २०२३ साली १२९ प्रौढांच्या चाचणीत फक्त दूध बंद केलेल्यांपैकी ३४ टक्क्यांची आणि सहाही गट बंद केलेल्यांपैकी ४० टक्क्यांची सूज उतरली. दोहोंत फारसा फरक नाही.

परभणीच्या कुटुंबासाठी मला ही चढती पायरीच जास्त शहाणपणाची वाटते. प्रत्येक तपासणी म्हणजे दुर्बीण, भूल, नांदेड, छत्रपती संभाजीनगर किंवा पुण्यापर्यंतची फेरी आणि आईबापाचा बुडालेला रोज. एकच पदार्थ काढून काम झालं तर उरलेल्या फेऱ्या वाचतात. अर्थात कुठून सुरुवात करायची ते लेकराची प्रकृती पाहून पोटविकाराच्या बालरोगतज्ज्ञांनी ठरवायचं.

सगळी बटणं बंद, मग एकेक चालू

घरातली वीज सारखी उडत असेल तर वायरमन काय करतो? सगळी बटणं बंद करतो, मेन चालू करतो, आणि मग एकेक बटण दाबत जातो. मिक्सर लावला, ठीक. गिझर लावला, उडाली. सापडला गिझर.

पथ्याचं तसंच. ठरलेले पदार्थ सहा ते बारा आठवडे पूर्ण बंद. पूर्ण म्हणजे पूर्ण. "एवढ्याशाने काय होतं" हे वाक्य घरातून हद्दपार. त्यानंतर दुर्बिणीने पुन्हा तुकडा. सूज उतरली असेल तर एकच पदार्थ परत द्यायचा, रोज, भरपूर, काही आठवडे. पुन्हा तुकडा. सूज परतली तर तो दोषी. नाही परतली तर तो कायमचा मोकळा, आणि पुढच्याची पाळी.

वायरमनला उत्तर एका क्षणात मिळतं, इथे आठवडे लागतात, कारण ओल एका दिवसात चढत नाही आणि एका दिवसात वाळतही नाही. आणि लेकराच्या तोंडच्या उत्तरावर थांबता येत नाही. "आता बरं वाटतं" असं ते मनापासून सांगतं, तरी आत सूज असू शकते. म्हणून पुन्हा पुन्हा तुकडा घ्यावा लागतो.

आपल्याकडच्या पथ्याहून हे वेगळं आहे ते इथंच. खोकला झाला, दही बंद. ते परत कधी सुरू करायचं, कुणी ठरवत नाही. एखाद्याचं दही पन्नास वर्षं बंद राहतं. या पथ्यातला प्रत्येक पदार्थ परत येण्यासाठीच काढलेला असतो. शेवटी दोषी ठरलेलेच तेवढे बाहेर राहतात, बाकीचे ताटात परततात. जी आई सहा पदार्थ काढते आणि परत द्यायच्या भीतीने तिथेच थांबते, तिने अर्धाच उपचार केला.

एक सावधगिरी मात्र आहे. बरेच महिने बंद ठेवलेला पदार्थ परत देताना काही मुलांना विजेच्या धक्क्याची ॲलर्जी येऊ शकते. पहिला घास कुठे आणि कसा द्यायचा, हे डॉक्टरांना विचारूनच.

परभणीच्या ताटात काय उरतं?

सहा पदार्थांची ती यादी शिकागोच्या डायनिंग टेबलावर फार क्रूर वाटते. ब्रेड गेला, चीज गेलं, पास्ता गेला, केक गेला, उरलं काय? आपल्याकडे बसून तीच यादी वाचली की चित्र पालटतं. ज्वारीची भाकरी, तुरीचं वरण, मुगाची खिचडी, भात, वांगं, भेंडी, अंबाडी, मेथी, शेपू, चाकवत, मिरचीचा ठेचा, गूळ, केळ, बोरं. सगळं उरलं.

ज्वारीचं मोल इथे कळतं. पोळी लाटता येते, भाकरी थापावी लागते, यामागे गव्हातलं ग्लूटेन नावाचं चिवट प्रथिन आहे; पोळीच्या कणकेचा ताण त्यानेच येतो. ज्वारीत ते नाही, म्हणून तिच्या पिठाला गरम पाणी लागतं, म्हणून तळहाताने फिरवत फिरवत थापावं लागतं, आणि हात नवखा असेल तर कडेला चिरा पडतात. काठावरची ती चीर म्हणजे गहू नसल्याची खूणच. वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाने इक्रिसॅटच्या साथीने २०१८ साली 'परभणी शक्ती' हे ज्वारीचं वाण आणलं, ज्यात लोह आणि जस्त जास्त आहे. गहू बंद असलेल्या लेकरासाठी याहून जवळचं धान्य कोणतं?

सूज असेपर्यंत कडक भाकरी टोचते. तेव्हा ज्वारीच्या कण्या मऊ शिजवाव्यात, वरणात भाकरी भिजत घालावी. हुरडा चालतो, त्याच्यासोबतची शेंगदाण्याची चटणी आणि दही चालत नाही, त्याजागी जवसाची किंवा कारळाची चटणी घ्यावी.

अडचण येते ती ताटाच्या आजूबाजूला. आपल्याकडच्या पुष्कळ लेकरांचा दिवस चहा-बिस्किटाने सुरू होतो: एका बशीत दूध आणि गहू, यादीतले पहिले दोन. भाजीत कूट. सोयाबीन तर शेतभर. दळणात गव्हाबरोबर मूठ-दोन मूठ सोयाबीन टाकणारी घरं कितीतरी आहेत. 'गाईचं बंद तर म्हशीचं देऊ, नाहीतर शेळीचं' हा सल्ला प्रेमाने दिला जातो, पण तो चुकीचा आहे. तिन्ही दुधांतली प्रथिनं इतकी सारखी असतात की संरक्षण यंत्रणा त्यांत फरक करत नाही.

मग गिरणी. ज्वारीचा डबा गव्हावर दळला गेला की भाकरीत गहू आला. याचा तोडगा आपल्या आज्यांनी कधीच शोधून ठेवलेला आहे: उपवासाचं दळण. "उपवासाचं आहे, कशावर दळू नका" एवढं म्हटलं की गिरणीवाला समजतो. तीच शिस्त इथे लावायची. वेगळा डबा, वेगळी चाळणी, वेगळी परात. गंगाखेड तर जात्यावर ओव्या गाणाऱ्या संत जनाबाईंचं गाव. ज्या घरात अजून जातं आहे त्यांनी ते खुशाल माळ्यावरून खाली काढावं. मात्र उपवासाची शिस्त घ्यायची, उपवासाचे पदार्थ नव्हे. साबुदाण्याच्या खिचडीत कूट असतं आणि उपवासाला दूध चालतं. भगर आणि राजगिरा तेवढे कामाचे.

चौकट: लपून बसलेले पदार्थ

*गहू:* बांधणीचा हिंग (यात पुष्कळदा मैदा असतो), मेतकूट, येसर, रवा, शेवया, खारी, टोस्ट, बाजारातली भजी.
*दूध:* बिस्कीट, पाव, टॉफी, चॉकलेट, पेढा, दुधात घालायच्या माल्टच्या पावडरी. तुपातही दुधाच्या प्रथिनांचा अंश राहतो.
*सोयाबीन:* सोयावडी, तयार पिठं, प्रोटीनच्या पावडरी. रिफाइंड सोयाबीन तेलात प्रथिन जवळजवळ उरत नाही. ते चालेल का, हे डॉक्टरांना विचारावं.
*शेंगदाणे:* कूट, चिक्की, फरसाण. घाण्याच्या शेंगदाणा तेलात प्रथिन राहतं, ते टाळावं.
*अंडी:* केक, नानकटाईचे काही प्रकार.
पाकिटावरची घटकांची यादी प्रत्येक वेळी वाचावी; त्याच कंपनीचा मालही बदलतो.

काढलं त्याच्या जागी काय ठेवलं?

इथे चूक झाली तर आजारापेक्षा उपचार जड होतो. वाढत्या लेकराचं दूध बंद केलं की कॅल्शियम, प्रथिनं आणि उष्मांक तिन्ही कमी होतात. नुसतं 'बंद' म्हणणारा कागद घेऊन घरी येऊ नये. त्याच कागदाच्या दुसऱ्या बाजूला 'याऐवजी हे' लिहून घ्यावं.

१०० ग्रॅम नाचणीत साधारण ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असतं, तेवढ्याच गाईच्या दुधात १२० च्या आसपास. नाचणीतलं सगळंच अंगाला लागत नाही, तरी रोज नाचणीची पेज, तिळाची चटणी, राजगिरा, शेवग्याचा पाला यांनी बरीच भरपाई होते. ज्वारीच्या प्रथिनात लायसिन हे अमिनो आम्ल कमी पडतं, डाळीत ते भरपूर असतं. भाकरीला वरणाची जोड म्हणूनच हवी. तेल हात राखून घालू नये, कारण लेकराला उष्मांक लागतात. एवढं करूनही बऱ्याच मुलांना कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्वाच्या गोळ्या लागतात. आहारतज्ज्ञ या उपचारात असायलाच हवा. दर महिन्याला वजन आणि उंची लिहून ठेवावी, आणि वजन घसरलं तर पथ्य रेटू नये, डॉक्टरांकडे जावं.

पथ्य हा एकच रस्ता नाही. ॲसिड कमी करणाऱ्या ओमेप्राझोलसारख्या औषधांनी जवळपास निम्म्या रुग्णांची सूज उतरते. दम्याच्या पंपातलं स्टिरॉइड श्वासात न घेता गिळायला देतात, किंवा ब्युडेसोनाइड घट्ट पाकात मिसळून चाटवतात, म्हणजे ते नळीच्या भिंतीला चिकटून राहतं. त्यानंतर अर्धा तास काही खायचं-प्यायचं नाही. इंटरल्युकिन-१३ च्या वाटेत अडसर घालणारं ड्युपिलुमॅब हे इंजेक्शन अमेरिकेत २०२२ साली मोठ्या मुलांसाठी आणि २०२४ साली एक वर्षापुढच्या, किमान १५ किलो वजनाच्या मुलांसाठी मंजूर झालं. किंमत फार आहे. ज्या घरात पथ्य सांभाळणं शक्य नाही, आई पहाटे शेतावर जाते आणि लेकरू चार घरी खातं, तिथे औषध घेण्यात काहीही कमीपणा नाही. औषध बंद केलं की सूज परत येते, पथ्य मोडलं तरी येते. आजार जुनाट आहे, रस्ता घरच्याला झेपेल तो निवडावा.

पथ्य निवडलं तर ते घराबाहेर सर्वांत जास्त मोडतं. शाळेतला वाढदिवसाचा केक, मंदिरातला पेढा, फेब्रुवारीत परभणीच्या दर्ग्याच्या उरुसातली मिठाई. शिक्षकांना चिठ्ठी द्यावी, आत्या-मामांना आधी सांगून ठेवावं, आणि लेकराच्या खिशात राजगिऱ्याचा लाडू असावा, म्हणजे सगळे खात असताना त्याचे हात रिकामे राहणार नाहीत. घरातल्या सगळ्यांनी निदान त्या सहा ते बारा आठवड्यांत रात्रीचं जेवण एकच करावं. त्याच्यासमोर बसून दूध-पोळी खाऊ नये.

आणि जे कधीही घरी थांबून पाहायचं नाही ते एक: घास अडकला, लेकराला स्वतःची थुंकीही गिळता येईना, लाळ गळू लागली, तर केळं भरवत, पाणी पाजत बसू नका. लगेच दवाखाना गाठा. नाणं किंवा घड्याळाचा चपटा सेल गिळल्याची शंका असेल तरीही तसंच.

बाकीच्यांनी आज रात्रीपासून एवढंच करावं. हळू जेवणाऱ्या लेकरावर रागवण्याआधी त्याच्या शेजारी बसा. जेवायला किती मिनिटं लागली, किती पेले पाणी प्यायलं, काय ताटाच्या कडेला काढलं, हे दोन आठवडे वहीत लिहा, आणि ती वही बालरोगतज्ज्ञांपुढे ठेवा. निदानाची सुरुवात त्या वहीपासून होते.